सात नंबरचा दिवा

चार मीटर

स्वयंपाकघरातला दिवा गेला, दुसरा लावलाय, असं बायकोने जेवताना सांगितलं. ठिपकेसाहेब "हं" म्हणाले आणि पुढचा घास घेतला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या बातमीवर दचकावं असं काही नव्हतं. दिवे जातात, दुसरे लागतात.

पुढचे अकरा दिवस तो दिवा सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत जळत होता. "दिवसाढवळ्या कशाला," असं ते दोनदा पुटपुटलेही. पण मान वर करून दिव्याकडे एकदाही बघितलं नाही. त्यांचा धंदाच तसा होता. दिव्याकडे बघायचं नसतं, उजेड जिथे पडतो तिथे बघायचं असतं. दिव्याकडे बघितलं की पुढची दहा मिनिटं डोळा कामातून जातो. नोकरी सुटली, ही सवय सुटली नव्हती.

तीन मीटर

ठिपके हे त्यांचं आडनाव नव्हे. बल्बच्या कारखान्यात उजेड मोजायच्या खोलीत त्यांनी सदतीस वर्षं काढली. तिथे जुन्या काळी कागदावरच्या तेलाच्या ठिपक्याने उजेड मोजत. त्यावरून नाव पडलं, आणि असं चिकटलं की एका नव्या कारकुनाने ओळखपत्रही त्याच नावाने काढून दिलं. त्यांनी ते बदलून घेतलं नाही.

वाण्याची वजनं तपासायला कुठेतरी एक मूळ वजन जपून ठेवलेलं असतं. तसा त्या खोलीत मापाचा दिवा होता: क्रमांक सात. त्याचा उजेड एकदाच नीट मोजलेला, आणि कारखान्यातला प्रत्येक बल्ब त्याच्याशी ताडून बघितलेला. असा दिवा फार लावायचा नाही. जळला की म्हातारा होतो. चौतीस वर्षांत सात नंबर सगळा मिळून एकोणीस तास लागला होता. खोलीत नवा मीटर आला, साहेब निवृत्त झाले, तेव्हा निरोपाला हाच दिवा लाकडी पेटीत घालून त्यांना दिला गेला.

आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली मॅडम तो परत न्यायला येणार होती. रविवारी चार वाजता. कारखान्याच्या दारात काचेच्या कपाटात तो राहणार होता आणि खाली कार्ड: 'मापाचा दिवा क्रमांक सात. ब्याण्णव कँडेला.' त्याखाली साहेबांचं नाव, खऱ्या आडनावासकट. नेण्याआधी एकदा मीटर लावून बघू, नुसती रीत म्हणून, असंही ती म्हणाली होती. फोन बायकोने घेतला होता. त्याला आज बारा दिवस झाले होते आणि साहेब हल्ली आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहत.

दोन मीटर

शनिवारी दुपारी पेटीला पॉलिश करावं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. पेटी हलकी लागली. झाकण उचललं तर आत मखमलीत दिव्याच्या आकाराचा खळगा, आणि खळग्यात काही नाही.

बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. साहेब दारात येऊन उभे राहिले आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. दिव्याच्या पितळी टोपीवर हिरव्या रंगाचा एक फराटा आणि सातचा आकडा. दोन्ही त्यांच्याच हातचे. डोळ्यांसमोर हिरवे-जांभळे गोळे नाचायला लागले तरी ते बघतच राहिले.

"अगं, हा सात नंबर आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "हाताला लागला तो लावला. अंधारात सुरी चालवू का?"

हे उत्तर दुसऱ्या कुठल्याही बायकोने दिलं असतं तर साहेबांनी कपाळावर हात मारून गप्प बसणं पत्करलं असतं. पण ही त्याच कारखान्यातली. बल्ब विझेपर्यंत जाळून बघतात त्या टेबलावर सहा वर्षं काढलेली, आणि शेवटी पाच आठवडे उजेड मोजायच्या खोलीत बदलीवर आलेली. साहेबांना ती पहिल्यांदा दिसली ती तिथेच. दिसली म्हणजे काय, भिंती काळ्या, छत काळं, अंगात काळे कोट. लांबलचक बाकाच्या दोन टोकांना दोन दिवे, मध्ये कागद, कागदावर ठिपका. एकाने दिवा सरकवायचा, दुसऱ्याने ठिपक्यावर डोळा ठेवून "बास" म्हणायचं. ती "बास" म्हणायची. पाच आठवडे त्यांनी त्या बाईचा फक्त आवाज ऐकला होता आणि जेवायच्या सुट्टीत बाहेर आल्यावर दोघंही डोळे मिचकावत उन्हात उभे राहत. उन्हात तिचा चेहरा नीट दिसायला साधारण सुट्टी संपायची वेळ यायची.

आणि जिच्यासमोर सात नंबर मोजला, तिनेच तो भाजी चिरायला लावला होता.

साहेबांनी फडक्याने दिवा उतरवला.  मग भिंतीला टेकून हिशेब केला. रोज चौदा तास, अकरा दिवस. चौतीस वर्षांत एकोणीस, आणि एका पंधरवड्यात दीडशेच्या वर. आतली तार झिजणार, काच काळवंडणार. किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि उद्या चार वाजता मॅडमसमोर जे कळायचं, ते आजच आपल्याला एकट्याला कळलेलं बरं.

एक मीटर

मोजायचा म्हटला तरी कशाशी ताडून? जगातला प्रत्येक दिवा साहेबांनी आजवर सात नंबरशी ताडला होता. आता सात नंबर कशाशी ताडणार? काट्यावर काटाच ठेवून त्याचं वजन करण्यातली गत. यावर बायकोने सुचवलं की आपल्या भावाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, तिथे प्रत्येक खोक्यावर आकडा छापलेला असतो. तिने हे इतक्या सहज सुचवलं की साहेबांना तिच्या निर्ढावलेपणाचं नवल वाटलं. पण बुडत्याला काडी. मेहुण्याला फोन गेला.

मेहुणा तासाभरात चौदा बल्ब घेऊन आला आणि आल्याआल्या म्हणाला, की भावोजी, दिवा घालवलात तो घालवलात, पण तसाच दिसणारा दुसरा ठेवून द्या ना पेटीत. कपाटात तो लागणार थोडाच आहे? साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुढचा अर्धा तास फक्त हो म्हणत होता.

आधी अंधार करायला हवा होता, तोही दुपारी तीन वाजता. खिडक्यांना घोंगड्या लागल्या. पांढऱ्या भिंती उजेड परतवतात म्हणून समोर चार काळ्या छत्र्या उघडून ठेवल्या. जेवणाचं टेबल आणि इस्त्रीची फळी जोडून बाक झाला. साहेबांनी वहीचा कोरा कागद घेतला, मधोमध गोडेतेलाचा थेंब टेकवला आणि तो कागद उभा चिमट्यात धरला.

"हे काय मोजणार?" मेहुण्याने विचारलं.

इथे साहेबांचा आवाज बदलला. सहा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं, की कागदाच्या मागे उजेड जास्त असला तर ठिपका उजळ दिसतो, पुढे जास्त असला तर काळा दिसतो, आणि दोन्हीकडून सारखा आला की ठिपका दिसेनासा होतो. तेल तिथेच असतं, पण डोळ्याला सापडत नाही. मग दोन्ही दिवे कागदापासून किती लांब आहेत ते मोजायचं, झालं काम.

"लांब असण्याचा काय संबंध?"

"तुझ्याकडे एक डबा रंग आहे. एक मीटरवरच्या भिंतीवर तो एका चौकोनाला पुरतो. दोन मीटरवर गेलास की तोच रंग चार चौकोनांना पुरवायचा. तीनवर नऊ. रंग तेवढाच, थर पातळ. उजेडाचं तसंच आहे. अंतर दुप्पट, उजेड चौथाई."

मेहुण्याने खोक्यावरचा आकडा दाखवला. इथे ल्युमेन लिहिलंय, तुम्ही कँडेला म्हणता, आणि गेल्या महिन्यात एक शाळेचं गिऱ्हाईक लक्स-लक्स करत होतं. हे सगळं एकच ना?

साहेब त्याला हाताला धरून नळापाशी घेऊन गेले. नळातून एकूण किती पाणी येतं ते ल्युमेन. एका बाजूला धार किती जोराची ते कँडेला. आणि तू लांब ठेवलेल्या वाटीत किती थेंब पडले ते लक्स. शाळेच्या माणसाला वाटीशी कर्तव्य, मुलांच्या पुस्तकावर किती पडतो तेवढंच. तुला नळाशी. मला धारेशी. मेहुण्याने नळ एकदा उघडून बंद केला. म्हणजे वीस वर्षं मी नळ विकून वाटीचे पैसे सांगत होतो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

मग सुरुवात झाली. साहेब दिवा सरकवत होते, बायको खुर्चीत बसून ठिपक्यावर डोळा ठेवून होती. तिने न सांगता काळी शाल गळ्यापर्यंत लपेटून घेतली होती. "बास," ती म्हणाली आणि साहेबांच्या हातातला दिवा क्षणभर तसाच राहिला. चाळीस वर्षांत तो शब्द त्यांनी हजारदा ऐकला होता. भाजीला, पाण्याला, साखरेला. पण असा, अंधारातून, समोरून, नाही.

आकडे मात्र हातचलाखी करायला लागले. पहिल्या खोक्यावर विश्वास ठेवला तर सात नंबर एकशे दहा. दुसऱ्यावर ठेवला तर सत्तर. तिसरा दिवा निळसर, त्यामुळे ठिपका जाईच ना, एकीकडून निळा आणि दुसरीकडून पिवळा दिसत बसला. तेवढ्यात दार वाजलं. भरदुपारी सगळ्या खिडक्या बंद बघून शेजारचे काका काळजीने आले होते. आत काळोख, कोपऱ्यात शाल लपेटून बसलेली बाई आणि शब्द न बोलणारे दोन पुरुष बघून त्यांनी काही विचारलं नाही. चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि हात जोडून ते मान खाली घालून बसले. पुढची सहा रीडिंगं सगळी चढी आली. कुठून उजेड येतोय म्हणून साहेब शोधत फिरले, तर काकांचा सदरा पांढराशुभ्र. त्यांना काळा कोट घालायला दिला. काकांनी तोही मुकाट्याने घातला आणि आणखी पंधरा मिनिटं बसून, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून, "धीर धरा" म्हणून गेले. कोट घालूनच गेले.

संध्याकाळी साहेबांकडे चौदा उत्तरं होती. सगळ्यांत लहान अठ्ठावन्न, सगळ्यांत मोठं एकशे एकोणतीस.

"सरासरी काढा ना," मेहुणा म्हणाला.

"चौदा खोटारड्यांची सरासरी काढली तर पंधरावा खोटारडा मिळतो," साहेब म्हणाले आणि जेवायला बसले नाहीत.

रविवारी चारच्या ठोक्याला मॅडम आली. साहेबांच्या पाया पडायला वाकली, काकू म्हणून बायकोला मिठी मारली आणि खिडक्यांवरच्या घोंगड्या बघून तिचे डोळे भरून आले. सर, तुम्ही माझ्यासाठी आपली खोली उभी केलीत, असं म्हणाली. साहेबांना तिला खरं सांगायचं होतं. पण ती इतक्या कौतुकाने एकेका छत्रीला हात लावत होती, की त्यांना मध्येच तोंड घालणं जमलं नाही. तिने ते कार्डही आणलं होतं. जाड, मोतिया रंगाचं, सुंदर अक्षरात. आकड्याची जागा तेवढी कोरी ठेवली होती. आकडा सरांच्या समोर, सरांच्या पेनाने लिहायचा असं तिने ठरवलं होतं.

दिवा उभा बसवला. अंतर मोजून एक मीटर. मीटरचा डोळा समोर. साहेबांनी सवयीने दिव्याकडे पाठ केली. मॅडमने सावकाश वीज चढवली आणि मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

"नव्वद," ती म्हणाली.

तिने जोडण्या तपासल्या, पुन्हा बघितलं. नव्वद. मग ती घाईघाईने म्हणाली, की इतक्या वर्षांत दोन इकडे-तिकडे व्हायचेच, ब्याण्णव लिहा सर, सगळी जुनी कागदपत्रं ब्याण्णवच सांगतात.

"दोनच?" मेहुणा म्हणाला. "अहो, दोन टक्के म्हणजे आमच्याकडे सूटसुद्धा देत नाहीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. स्वयंपाकघर, अकरा दिवस, चौदा खोकी. बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. आमच्याकडून लावला गेला, एवढंच म्हणाले. नव्वदच लिहायचं, आणि माझं नाव काढून टाका. जो दिवा सांभाळता आला नाही त्याखाली नाव कशाला? "आजवर माझ्या नावाखाली खोटा आकडा गेलेला नाही," ते म्हणाले.

"गेलाय," बायको म्हणाली.

ती दारात उभी राहून हात पुसत होती.

"हा दिवा ब्याण्णव कधीच नव्हता. चौऱ्याण्णव होता."

मग तिने सांगितलं, ते चाळीस वर्षं जुनं असूनही कालच्या भाजीबद्दल सांगावं तसं. सात नंबर मोजायचं काम तीन दिवसांचं होतं. लागोपाठ वीस रीडिंगं जुळली की काम संपणार, आणि काम संपलं की ती परत जाळायच्या टेबलावर. म्हणून ती जुळू देत नव्हती. कधी अंमळ उशिरा "बास" म्हणायची, कधी फार उशिरा. तीन दिवसांचे पाच आठवडे झाले. सात नंबर हा आपल्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड दिवा, असं साहेबांनी नंतर किती शिकाऊ लोकांना सांगितलं होतं. त्यातली एक आत्ता समोर मीटर धरून उभी होती.

"मग पाच आठवड्यांनी जुळला कसा?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही लग्नाचं विचारलंत ना," ती म्हणाली. "मग कशाला ताणायचं? पण एकदम खरं कसं सांगणार? मागच्या पाच आठवड्यांशी जुळवून वीस वेळा तेच सांगितलं. ब्याण्णव."

काचेच्या कपाटाचं फोनवर ऐकलं तेव्हापासून तिला झोप नव्हती. दारात येणारा-जाणारा वाचणार, नाव यांचं आणि आकडा खोटा. तो सुधारायचे मार्ग दोनच होते. एक, हे सगळं सांगायचं. दुसरा, दिव्यालाच आकड्यापर्यंत खाली आणायचं. दुसरा सोपा वाटला. दिवा किती तासांत किती उतरतो हे जाळायच्या टेबलावरच्या बाईला शिकवावं लागत नाही. तिने दीडशे तास धरले होते. शेवटचे चार जास्त झाले, कारण शनिवारी साहेबांनी कपाट उघडायला दुपार केली. आणि स्वयंपाकघरातला दिवा? तो गेला नव्हता. डाळीच्या डब्यामागे होता.

साहेबांचे ओठ हलत होते. मीटर आला तेव्हा सात नंबर ब्याण्णव धरून त्याच्याशीच ताडून लावलेला. म्हणजे तो चौऱ्याण्णवला ब्याण्णव म्हणणार. म्हणजे ब्याण्णवला...

"नव्वद म्हणणार," ते मोठ्याने म्हणाले. "बरोबर आहे. आत्ता तो ब्याण्णव आहे." हिशेब सुटल्याचा आनंद आधी त्यांच्या चेहऱ्यावर आला. काय ऐकलं, ते त्याच्यामागून आलं आणि ते इस्त्रीच्या फळीवर बसले.

"म्हणजे," मेहुणा सावकाश म्हणाला, "कारखाना इतकी वर्षं प्रत्येक बल्बमागे दोन टक्के उजेड जास्त देत होता? आणि खोक्यावर छापलं नाही?"

 मॅडमने कार्ड पुढे सरकवलं आणि पेन उघडून साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ब्याण्णव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पेन बायकोपुढे धरलं. रीडिंगवर सह्या दोन लागतात. एका डोळ्यावर कुठलंच रीडिंग धरत नाहीत, हा खोलीचा नियम होता. ती म्हणाली, की लबाडीखाली कुणी सही करतं का. साहेबांनी पेन मागे घेतलं नाही. तिने सही केली, ती लग्नाआधीच्या आडनावाने.

मॅडम दिवा गाडीत मांडीवर घेऊन गेली. मेहुणा चौदा खोकी घेऊन गेला. यांचे आकडे आता बघवत नाहीत, असं तो जिन्यात म्हणत होता. दोघं घोंगड्या उतरवायला लागले. दोन टोकं तिच्या हातात, दोन त्यांच्या, मध्ये धुळीने भरलेलं ऊन. घडी घालायला एकेक पाऊल पुढे यावं लागत होतं.

"त्या पाच आठवड्यांत," साहेबांनी विचारलं, "एक तरी रीडिंग खरं दिलंस?"

तिने त्यांच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली.

"एकदा दिलं. चौऱ्याण्णव. त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात."